हॉटस्पॉटवरून पर्थशी बोलले. हा हॅम रेडिओ धरायचा की नाही?

बोर्डावरची, डोंबिवली

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीत विचारता आला असता, पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही.

मी एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे, २२ वर्षं बोर्डावर बसते. जन्मापासून दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची, परीक्षा दिली, रिस्ट्रिक्टेड ग्रेडची. परवान्याचं पत्र आलं तेव्हा भाच्याकडून कॉल साइन, म्हणजे हवेतलं माझं नाव, चार वेळा वाचून घेतली, व्हीयू थ्रीच्या पुढची ती तीन अक्षरं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर फोन उचलताना बँकेच्या नावाऐवजी तीच ओठांवर येत होती.

घर चौथ्या मजल्यावर, वन बीएचके. गच्चीत अँटेनाचा खांब उभारायला सोसायटीने नकार दिला, दोनदा लेखी अर्ज करूनही. ५ वॅटची हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ, घेतली, पण आमच्या इमारतीच्या दोन्ही अंगांना उंच टॉवर उभे राहिलेत. कधी तुटक काहीतरी कानावर यायचं, मी हाक मारली की पलीकडे शांतता. सहा महिने असे गेले. परवाना आहे, रेडिओ आहे, बोलायला माणूस नाही.

मग भाच्याने हॉटस्पॉट आणून दिला, म्हणजे हँडीचं बोलणं इंटरनेटवर पोचवणारा घरगुती डबा. रास्पबेरी पाय झिरो हा चिमुकला संगणक, त्यावर काडेपेटीएवढं एमएमडीव्हीएमचं रेडिओ कार्ड, करंगळीएवढा अँटेना. ताकद १० मिलीवॅट. सोबत डीएमआरची, म्हणजे डिजिटल आवाजाची, हँडी. तिचा मेनू बोलत नाही, म्हणून सगळं चॅनेलच्या बटणावर बसवलं. त्याला १६ खटके आहेत. पहिल्या खटक्याला भारताचा टॉकग्रुप (सगळ्यांची बोलायची सामाईक जागा) ४०४, दुसऱ्याला जगभराचा ९१, शेवटच्याला ९९९०, म्हणजे पोपट. तो आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकवतो.

पहिले तीन दिवस पोपट बोलेचना. बोलला तर डब्यात खडे खळखळवल्यासारखा. हॉटस्पॉटचं पान लॅपटॉपवर एनव्हीडीए हे पडदा वाचणारं सॉफ्टवेअर मला वाचून दाखवतं. त्यात बीईआर नावाचा एक आकडा असतो, किती टक्के बिट चुकीचे पोचले त्याचा. तो ७ टक्क्यांच्या वर होता. हँडी आणि हॉटस्पॉट यांची फ्रिक्वेन्सी एकमेकांशी जुळत नव्हती. मी ती ५०-५० हर्ट्झने सरकवत गेले. प्रत्येक वेळी सरकवायचं, पीटीटी (बोलायचं बटण) दाबायचं, पाच सेकंद बोलायचं, आकडा ऐकायचा, पुन्हा सरकवायचं. अर्ध्या टक्क्यावर आला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. पोपटाने माझा आवाज स्वच्छ परत दिला. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

त्याच आठवड्यात पर्थमधल्या एकाशी बोलले. मग ब्राझील, पोलंड, जपान. मराठी बोलणारे दोघे भेटले. आतापर्यंत ४७ संपर्क झाले.

गेल्या महिन्यात हॅम लोकांच्या एका मेळाव्याला गेले. तिथे एका जाणत्या हॅमनी विचारलं, रिग (सेट) कुठली, अँटेना कुठला. मी हॉटस्पॉट म्हटलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, हा रेडिओ नव्हे. तुमची लहर पलंगापासून फळीपर्यंत गेली, पुढे सगळं इंटरनेट. हे फोनवर बोलणंच झालं, आणि फोनवर तर तुम्ही दिवसभर बोलताच."

शेवटचं वाक्य फार लागलं. फोनवर बोलणं हे माझं पोट आहे. रेडिओ मी त्याहून वेगळं काहीतरी म्हणून जवळ केला होता.

आता प्रश्न. माझा लॉग, म्हणजे संपर्कांची वही, ब्रेलमध्ये आहे, जाड कागदावर पाटी आणि स्टायलसने टोचलेला. ब्रेल खोडायचं म्हणजे नखाने एकेक टिंब दाबून सपाट करायचं. ते गृहस्थ म्हणतात ते बरोबर असेल, तर या ४७ नोंदी मी सपाट करायला हव्यात. करू का? मला बरं वाटावं म्हणून लिहू नका, जे वाटतं ते लिहा.

क्यूआरएन, पुणे

डीएक्ससीसी, म्हणजे किती देशांशी संपर्क झाला ते मोजणारा पुरस्कार, त्याचा नियम स्पष्ट आहे. संपर्क थेट हवा, रिपीटरमधून (ऐकलेलं पुन्हा प्रसारित करणाऱ्या यंत्रातून) झालेला धरत नाहीत. उपग्रहासाठी वेगळा डीएक्ससीसी आहे, इंटरनेटसाठी नाही. म्हणजे पर्थ, ब्राझील, जपान यांतलं काहीही तुमच्या खात्यावर जमा होत नाही. बोलायला कुणाचीच हरकत नाही, जरूर बोला. फक्त देश मोजू नका.

पर्थकर

ताई, तुमच्याशी बोललेला पर्थवाला मी नव्हे, पण त्या टॉकग्रुपवर मीही असतो. पंधरा वर्षं इथे आहे, नेटवर्क सांभाळण्याचं काम करतो.

मेळाव्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या गेल्या असं दिसतं. डिजिटल म्हणजे इंटरनेट नव्हे. एफटी८ ही छोटे संदेश पाठवायची पद्धत घ्या. ती जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ मध्ये आणली. टेलर म्हणजे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते. १५ सेकंद पाठवायचं, १५ सेकंद ऐकायचं, कानाला ऐकूही येणार नाही इतका क्षीण संकेत संगणक गोंगाटातून उचलतो. पूर्ण डिजिटल, आणि अँटेना ते अँटेना मध्ये इंटरनेटची एक इंचही तार नाही. तुमची डीएमआर हँडी आणि शेजारच्या इमारतीतली दुसरी हँडी सिम्प्लेक्सवर, म्हणजे थेट एकमेकींशी, बोलल्या, तर तोही शंभर टक्के रेडिओ. वाद फक्त मधल्या इंटरनेटचा आहे, आणि तोही आजचा नाही. कॅनडातल्या डेव्हिड कॅमेरन यांचं आयआरएलपी १९९७ पासून रिपीटर इंटरनेटने जोडतंय, तशाच कामाचं एकोलिंक २००२ मध्ये आलं. तेव्हाही हेच बोललं गेलं.

आता व्याख्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत हौशी सेवेचे हेतू सांगितलेत: स्वयंशिक्षण, परस्पर संवाद आणि तांत्रिक शोध, स्वतःच्या आवडीसाठी, पैशाच्या अपेक्षेशिवाय. स्वयंशिक्षण पहिल्या क्रमांकावर आहे. तुम्ही रात्री अडीचपर्यंत ५०-५० हर्ट्झने सरकवत ७ टक्क्यांचा अर्धा टक्का केलात, तेही पडदा न बघता. याला स्वयंशिक्षण नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? दुकानातून १०० वॅटची तयार रिग आणून, तयार अँटेना लावून, फाइव्ह नाइन (आवाज उत्तम येतोय) म्हणून पुढे जाणारे मी पुष्कळ पाहिलेत. ते मात्र बिनतक्रार खरे हॅम ठरतात.

माझी डीएमआरवरची तक्रार निराळीच आहे, आणि ती मला खरोखर खुपते. तुमचा आवाज दाबून सेकंदाला २४५० बिटमध्ये बसवणारा जो कोडेक आहे, एएमबीई, तो एका कंपनीच्या मालकीचा. तुमच्या बँकेच्या डिजिटल एक्स्चेंजवर हाच आवाज ६४,००० बिट घेतो, म्हणून फोनवर माणूस ओळखू येतो आणि डीएमआरवर सगळे एकाच डब्यातून बोलल्यासारखे वाटतात. तुमच्या कानांना हे माझ्याआधी कळलं असेल. तो डबा उघडून आत काय चाललंय ते बघायची हौशी माणसाला सोय नाही. इथे ॲडलेडला डेव्हिड रो यांनी कोडेक२ लिहिला, सगळ्यांना खुला. पोलंडमध्ये सुरू झालेली एम१७ ही डिजिटल रेडिओची खुली पद्धत त्याच्यावरच उभी आहे. रेडिओच्या नावाने भांडायचंच असेल तर बंद डब्याविरुद्ध भांडावं असं मला वाटतं.

४७ नोंदी ठेवा. एकही टिंब दाबू नका.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

मी या बाबतीत थोडा कडू बोलणार आहे, त्याला कारण आहे.

२२ जुलै २०२१, चिपळूणचा पूर. पहाटे पाणी चढायला लागलं, आम्ही सामान घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. आधी वीज गेली. सकाळी मोबाइल गेला, ब्रॉडबँडही. माझ्याकडे तुमच्यासारखाच हॉटस्पॉट होता, आणि तोवर मी सहा महिने फक्त त्याच्यावरच बोलत होतो. बॅटरीवर तो व्यवस्थित सुरू होता. मी पीटीटी दाबलं की त्याचा दिवा लागायचा, म्हणजे माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत होतं. पुढे रस्ताच नव्हता. पोपटसुद्धा बोलेना, कारण पोपट इंटरनेटच्या पलीकडे राहतो.

मग साधी हँडी काढली आणि १४५.५०० मेगाहर्ट्झवर एफएममध्ये हाका मारल्या. दोन तास, दर दहा मिनिटांनी. माझ्या टप्प्यात परवाना असलेली तीन माणसं आहेत हे मला माहीत होतं. एकाचंही उत्तर नाही. एक बिचारा स्वतःच पाण्यात अडकला होता. उरलेल्या दोघांपैकी एकजण नंतर भेटला तेव्हा म्हणाला, सेट चालू होता रे, पण टॉकग्रुपच्या चॅनेलवर होता. १४५.५०० त्याने वर्षभरात लावलं नव्हतं. मी त्याला काय बोलणार? मीही लावलं नव्हतं.

माळ्यावर ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) जुना सेट पडून होता. १२ व्होल्टची ७ अँपिअर-अवरची बॅटरी, आणि अँटेना म्हणून गॅलरीपासून शेजारच्या माडापर्यंत ओढलेली तार. माडाला ती कशी बांधली ते विचारू नका, पावसात दीड तास गेला. संध्याकाळी दिवेलागणीला बेळगावच्या एका स्टेशनने उत्तर दिलं. मी बहिणीचा पुण्याचा नंबर सांगितला, त्यांनी तो एकेक आकडा परत म्हणून दाखवला, आणि तिला फोन केला: पाचही जण वरच्या मजल्यावर आहेत, पोहे आणि प्यायचं पाणी आहे, काळजी करू नको. तिला हे शब्द जसेच्या तसे मिळाले. तो माणूस बेळगावात आपल्या घरी बसून बँड ऐकत होता, म्हणून मिळाले.

ताई, तुमचा हॉटस्पॉट खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण हॉटस्पॉट आल्यापासून बँडवर ऐकणारे कान कमी झाले, हे मी अनुभवलंय. आणि तुमचे कान तर २२ वर्षं बोर्डावर तयार झालेले. ते फक्त टॉकग्रुपवर राहावेत हे मला पटत नाही. काही करून एक तार लावा.

तारेचा माणूस, कल्याण

ताई, मेळाव्यात बोलणारा मी नव्हतो. पण मत माझंही तेच आहे, फक्त असं चारचौघांत टोचून कुणाला बोलू नये. वय ७४, मोर्स देऊन परवाना घेतलेल्यांपैकी मी.

वर उपग्रहाचा विषय निघालाच आहे. कुणी म्हणेल, उपग्रह हाही आकाशातला रिपीटर, मग तो चालतो आणि इंटरनेट का नाही? आपल्या इस्रोचा हॅमसॅट ५ मे २००५ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी६ वरून गेला. ४२.५ किलोचा. ४३५ मेगाहर्ट्झवर वर बोलायचं, १४५ वर खाली ऐकायचं. २०१४ मध्ये त्याची बॅटरी गेली, तोवर मी त्याच्यावर बोललो. एका हातात अँटेना, दुसऱ्या हाताने ट्यूनिंग, कारण तो जवळ येताना आणि लांब जाताना फ्रिक्वेन्सी घसरत राहायची. दहा-बारा मिनिटांत क्षितिजाखाली. अँटेना चार बोटं चुकला की माणूस गेला. वर जाणारी लहर, खाली येणारी लहर, आणि चुकलो तर माझ्याच हाताने.

दुसरं उदाहरण. १० आणि ११ मे २०२४ ला सूर्यावरून मोठं वादळ आलं, लडाखमध्ये आकाश लाल दिसलं. त्या सकाळी माझ्या २० मीटर बँडवर मला एकही स्टेशन ऐकू आलं नाही. सेट बिघडला म्हणून मी अर्धा तास कोॲक्स केबलचे जोड तपासत होतो. त्याच वेळी पर्थला हॉटस्पॉटवरून कुणी बोलत असेल तर त्याला वादळाचा पत्ताही लागला नसेल. माझ्या लेखी फरक तो एवढाच आहे. ज्या वाटेवर सूर्य, पाऊस, डोंगर तुम्हाला अडवू शकतात ती रेडिओची वाट. डोंबिवली ते पर्थ ही वाट तुमच्यासाठी रेडिओची नव्हती.

पण पलंग ते फळी होती, आणि इथे त्या गृहस्थांचं मला पटत नाही. ते दहा फूट रेडिओच आहेत, त्यांना कायदाही रेडिओचाच लागतो. म्हणून विचारतो, तुमचा हॉटस्पॉट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे? बाहेरून आलेले पुष्कळ हॉटस्पॉट ४३३ वर बसवलेले असतात. आपल्याकडे हौशींना ४३४ ते ४३८ आहे, आणि ४३५ च्या वर उपग्रहांची जागा, तिथे आपण जायचं नाही. म्हणजे उरलं ४३४ ते ४३५. आजच बघून घ्या.

लॉगचं विचारलंत. लॉग म्हणजे काय घडलं त्याची साक्ष. घडलेलं पुसायचं नाही आणि न घडलेलं लिहायचं नाही. तुमचं बोलणं पर्थच्या माणसाशी झालं, हे घडलं. तुमची लहर पर्थला पोचली, हे घडलं नाही. नोंद ठेवा, पुढे वाट कुठली ते लिहा.

आणि तार. माझ्याकडे एक बिटेक्स सेट आहे, हैदराबादच्या अशर फरहान यांच्या आराखड्यावरून मी स्वतः जोडलेला, ४० मीटरचा, ७ वॅट. लाकडी डब्यात आहे. पंख्याच्या वाइंडिंगची २० मीटर तार मी आणतो, इतकी बारीक असते की खालून दिसत नाही. तिच्या टोकाशी फेराइटच्या कडीवर एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला १४ वेढे, म्हणजे रोधाचं प्रमाण ४९ ला १ होतं आणि तार एका टोकाकडूनच चालते, मध्ये छेद द्यावा लागत नाही. गच्ची नको, गॅलरीचा गज आणि समोर एखादं झाड पुरे. झाड आहे का ते कळवा. भाच्याला रविवारी घरी थांबायला सांगा, माझे गुडघे आता झाडावर चढत नाहीत.

बोर्डावरची, डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तपासलं. ४३३.४५० वर होता. म्हणजे ४७ च्या ४७ संपर्क हद्दीबाहेर झाले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं, चूक माझीच. रात्रीच ४३४.६०० केला, हँडीची फ्रिक्वेन्सीही बदलून घेतली, बीईआर पुन्हा जुळवला.

समोर गुलमोहर आहे, आमच्याच आवारातला. सेक्रेटरींना खाली जाऊन विचारलं. खांबाला नाही म्हणाले होते, तारेचा तुकडा त्यांच्या हातात दिला तर दोन मिनिटं बोटांत फिरवून म्हणाले, एवढीच असेल तर लावा. रविवारी या.

बोर्डावरची, डोंबिवली

तीन आठवड्यांनी लिहितेय. काका आले, तार लागली. आपल्या मोजपट्टीने त्यांनी ती तीनदा मोजली आणि मीटरवर एसडब्ल्यूआर (तार सेटशी किती जुळली त्याचा आकडा) बघत टोकाकडून दोनदा कात्री चालवली. बिटेक्सच्या ट्यूनिंगच्या बटणावर त्यांनी माझ्याकडून एक टिकली चिकटवून घेतली, आणि डब्याच्या लाकडात एक बारीक खाच पाडली. टिकली खाचेशी आली की ७.०९० मेगाहर्ट्झ. आता मला कुणाला विचारावं लागत नाही.

पहिल्या रात्री मात्र नुसता घूं असा आवाज, कानात माशी शिरल्यासारखा. एकही माणूस नाही. काका म्हणाले, हा तुमच्याच घरातला गोंगाट आहे, ट्रान्झिस्टर घ्या आणि शोधा. मी मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर रिकाम्या जागेवर लावला आणि घरभर फिरले. जिथे घूं वाढतो तिथे हात फिरवायचा. पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टर थोडासा दोषी होता. खरा दोषी निघाला गॅलरीतल्या एलईडी पट्टीचा ड्रायव्हर, तारेपासून दोन हातांवर. तो काढला आणि बिटेक्समधला घूं असा खाली बसला की मला आधी सेट बंद पडला असंच वाटलं.

मग त्या शांततेतून आवाज यायला लागले. हे तुम्हा सगळ्यांना जुनं आहे, मला नवीन होतं, म्हणून लिहिते. आधी बदकं बोलल्यासारखं काहीतरी येतं. बटण केसभर सरकवलं की बदकाचा माणूस होतो. आणखी केसभर सरकवलं की त्याचं वय कळतं. डीएमआरवर माणूस असतो किंवा नसतो, मधलं काही नाही. इथे माणूस हळूहळू लांब जातो, पुन्हा जवळ येतो, त्याच्या मागे दुसरा कुणीतरी कुजबुजत असतो, लांब कुठेतरी वीज चमकली तर कट्ट असा आवाज येतो. पर्थकर दादा, एकाच डब्यातून बोलल्यासारखं म्हणजे काय ते मला हे ऐकल्यावर पूर्ण कळलं.

काल सकाळी सव्वासातला ठरल्याप्रमाणे वाशिष्ठीकाठ दादांनी ७.०९० वर हाक मारली. मला ते स्वच्छ ऐकू आले, मागे त्यांच्या घरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा. मी सहा वेळा उत्तर दिलं. त्यांना काही ऐकू गेलं नाही. ते पुन्हा पुन्हा माझी कॉल साइन घेत होते, मी इथे अक्षरशः ओरडत होते. मग हुबळीचे एक स्टेशन मध्ये बोललं, हिंदीत. त्यांना आम्ही दोघंही ऐकू येत होतो. त्यांनी दादांना सांगितलं, डोंबिवलीच्या बाई तुम्हाला उत्तर देतायत, तुमचा आवाज त्यांच्याकडे पोचतोय. आणि मला म्हणाले, तुम्ही इथे चार-चार आहात, म्हणजे स्पष्टतेला पाचात चार आणि जोराला नवात चार. मी त्यांना पाच-सात दिला. हुबळीशी माझं दोन्ही बाजूंनी झालं, ७ वॅटवर, मध्ये काही नाही.

लॉगचं सांगते. जुने कागद पुन्हा पाटीत अडकवले, ओळी जुळवून घेतल्या आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी उरलेल्या जागेत 'नेट' ही दोन अक्षरं टोचली. ४७ वेळा. पहिल्या पानाच्या डोक्यावर ४३३.४५० ही चूकही लिहिली. काही टिंबं इकडे-तिकडे झाली, पण वाचता येतं. त्याखाली कालच्या दोन नोंदी. हुबळी, ४० मीटर, तार. चिपळूण, ऐकलं, तिथे ऐकू गेले नाही, हुबळीने निरोप दिला. ही दुसरी मी संपर्क म्हणून धरलेली नाही.

हॉटस्पॉट सुरूच आहे. मंगळवारी रात्री साडेआठला पर्थ ठरलेलं असतं, ते मोडणार नाही. पण डीएमआरची हँडी आता रात्री बंद करून ठेवते, आणि जुनी ५ वॅटची १४५.५०० वर लावून उशाशी चालू असते.

वाशिष्ठीकाठ दादा, उद्या सकाळी पुन्हा सव्वासात, ७.०९०. भाचा आज तारेचं टोक गुलमोहराच्या वरच्या फांदीला नेतोय, दीड मीटर तरी वर जाईल. उद्या आधी मी हाक मारते, तुम्ही ऐका.